मोजून सोडलेला कोपरा

लातुरात कर सल्लागार पुष्कळ. पण खिशात मोजायची टेप घेऊन फिरणारे एकच. आम्ही त्यांना टेपकाका म्हणायचो. घरातून धंदा करणारं कुणी दुरुस्तीची बिलं घेऊन आलं, की काका बिलं बाजूला ठेवायचे आणि आधी त्याच्या घरी जाऊन धंद्याची खोली मोजायचे; दुरुस्तीचा तेवढ्याच जागेचा हिस्सा धंद्याच्या खर्चात धरता येतो. "बिल काय बी सांगतं. भिंत खोटं बोलत न्हाई," म्हणायचे.

मी मुखेडची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. लातूरच्या होस्टेलच्या खोलीत आम्ही पाचजणी, त्यामुळे अभ्यास होत नसे. टेपकाकांचं घर शेजारीच; त्यांच्या बायकोनं, काकूंनी, अभ्यासाला घरी बोलावलं. घराची पुढची खोली म्हणजे काकांचं ऑफिस. तिथला खिडकीखालचा कोपरा मला मिळाला. फुकट बसते याची लाज वाटायची, म्हणून कुणी न सांगता फायली लावायचे. या घरात आपण कोण, हे मला कधी ठरवता आलं नाही.

एकदा त्यांच्याबरोबर चाकूरला गेले. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी घराची गळती काढून रंग दिला होता. सगळा खर्च धंद्यात धरा, असा त्यांचा हट्ट. काकांनी मशीनची खोली मोजली आणि देवघराशी टेप थांबवली.

"मावशे, एवढा कोपरा महादेवाचा. तो कुठं ब्लाउज शिवतो?"

"त्याच्याच किरपेनं शिवते की!"

"मग किरपा खर्चात दाखवायची न्हाई."

मावशी लई हसल्या. उरलेल्या खोलीच्या हिश्शाएवढाच खर्च धरला गेला.

गुडघे थकले तेव्हा काका-काकू नांदेडला लेकीकडे राहायला निघाले. सामान बांधता बांधता काकांनी स्वतःची फाईल माझ्यापुढे ठेवली. "यंदाचं माझं रिटर्न तू भर." त्यांनीही वर्षभरात घराची गळती काढून घेतली होती. मी टेप घेऊन ऑफिसची खोली मोजली. पुन्हा मोजली. त्यांच्या कागदावर ती सोळा चौरस फूट कमी होती. खिडकीखालचा कोपरा त्यांनी धरलाच नव्हता.

मी चाचरत म्हणाले, "काका, एक कोपरा राहिलाय. तो धरला तर कर थोडा कमी बसेल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिथं कोण बसतं?"

"मी."

"मग? घरच्या लेकराची जागा धंद्यात धरायची व्हय?"

रिटर्नमध्ये ती खोली मी सोळा चौरस फूट कमीच ठेवली.