पगारेबाईंचं शेजारी बसून वाचणं

पगारेबाई गेल्याचं कळलं तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत माझ्यासाठी फोन आला म्हणून गेले, तर पलीकडे बाईंचे शेजारी होते. "सकाळी गेल्या. झोपेतच," एवढंच म्हणाले. घंटा झाली. मी वर्गात गेले, मुलांना धडा उघडायला सांगितला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून बाईंविषयी लिहायचं मनात आहे, पण लिहायला बसलं की आधी माझीच चूक आठवते...

नाशिक रोडच्या त्या शाळेत मी लागले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. वर्गात छापखान्यातल्या कामगारांची, स्टेशनवरच्या हमालांची मुलं. सुलोचना पगारे शेजारच्या तिसरीच्या बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माझी दुसरी खडाखडा वाचते, हे दाखवायला मी त्यांना मोठ्या हौसेने वर्गात नेलं. त्यांनी एका मुलीच्या पुस्तकावर कोरा कागद ठेवला आणि मधली एकच ओळ उघडी ठेवली. "एवढंच वाच गं." मुलगी धड्याच्या पहिल्या वाक्यापासून पाठ म्हणत म्हणत त्या ओळीपर्यंत यायला लागली. बाहेर आल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "निर्मला, पोरं वाचत नाहीत गं. ऐकलेलं म्हणतायत." मला राग आला होता. पण त्या दिवसापासून सवड मिळाली की मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहू लागले.

अडखळणाऱ्या मुलाच्या शेजारी बाई जमिनीवर बसायच्या. एका ओळीवर दोघांची बोटं, दोघांचा आवाज मोठा. बाईंचा आवाज अर्धा शब्द पुढे असायचा. मग तो मुलाच्या बरोबरीला यायचा, मग हलका व्हायचा. बाकीच्या मुलांच्या त्या जोड्या लावायच्या. एकच उतारा तीनदा वाचायचा, पहिल्यांदा शब्दांसाठी, दुसऱ्यांदा कुठे थांबायचं त्यासाठी, आणि तिसऱ्यांदा घरी आईला सांगावं तसा. मंगल नावाची एक मुलगी दोनदा तिसरीत नापास झालेली. मान वर करायची नाही. बाई तिच्याजवळ पावसाळाभर बसल्या. एका दुपारी मंगल वाचत होती आणि बाईंचे ओठ मिटलेले होते. चार ओळी झाल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. "बाई, तुम्ही थांबलात?" "मघाशीच," बाई म्हणाल्या. मंगल रडायला लागली, आणि मग त्या पोरीने पुन्हा पहिल्यापासून सगळं पान वाचलं.

अशा वर्गात आवाज होणारच. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांना तो खपला नाही. मुलं जागेवर नाहीत, जोडीजोडीने बडबडतायत, फळ्यावर काही नाही. साहेब माझ्या वर्गात आले आणि विचारलं, "शेजारच्या वर्गाचा तुम्हाला त्रास होतो का?" माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी म्हणाले, "होतो थोडा." तेवढं एक वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं. दिवाळीनंतर बाईंची बदली इगतपुरीकडच्या एका शाळेत झाली. एका खोलीत चार इयत्ता, बाई एकट्या. तिथे शेजारी बसून वाचायला वेळ कुठला? रोज पहाटेची गाडी, पावसात भिजलेले कपडे अंगावरच वाळायचे. मी काय बोलले होते, ते त्यांना माहीत असणार. कधी विचारलं नाही. वाटेत भेटल्या की म्हणायच्या, "मंगलकडे लक्ष ठेव हं."

मी ठेवलं नाही. मंगल पुढच्या वर्षी शाळेत आली नाही आणि मी तिच्या घरी गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईंना वर्गातच अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळं समजायचं, पण शब्द बाहेर येत नव्हता. रविवारी मी जाऊ लागले. काय बोलावं सुचेना, म्हणून एकदा तिसरीचं पुस्तक नेलं आणि शेजारी बसून मोठ्याने वाचू लागले. दुसऱ्या ओळीला बाईंचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. जाड, ओढलेला, पण शब्द स्पष्ट. मला हुंदका आवरेना. मग मीही आवाज हलका करत नेला, त्यांनीच शिकवलं होतं तसा. मी थांबले की बाईही थांबायच्या. पुन्हा सुरू केलं की पुन्हा यायच्या. दीड वर्ष मी हे करत होते. एकटीने त्या एक ओळही पुढे गेल्या नाहीत.

एका रविवारी मी सांगून टाकलं. "बाई, तेव्हा साहेबांना ते मी सांगितलं होतं. तुमची बदली माझ्यामुळे झाली." त्यांनी डाव्या हाताचं बोट पुस्तकातल्या राहिलेल्या ओळीवर ठेवलं. ती माफी होती, की फक्त पुढे वाच म्हणत होत्या... मला कळलं नाही. मी पुढे वाचलं.

बाई गेल्यानंतरच्या जलदानविधीच्या दिवशी त्यांच्या थोरल्या बहिणीपाशी, अक्कांपाशी बसले होते. धाकटीला शिकवायला अक्का नांदगावकडे जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबल्या. बाई लवकर विधवा झाल्यावर सोबतीला म्हणून अक्काच इथे येऊन राहिल्या. त्या म्हणाल्या, "तुमी आइतवारी यायच्या. पण तिला रोज चार वाजले की चष्मा लागायचा. पुस्तक घेऊन दाराकडं बघत बसायची. मला तर अक्षर वळखता येत नाय. मग मी आपली नुसती शेजारी बसायचे. ती बोट फिरवायची, मी बघायचे. लय वेळ बसायचो दोघी."

शाळा सुटल्यावर मला तिथे जायला पंधरा मिनिटं लागली असती.

गेल्या रविवारी चारच्या सुमाराला गेले. अक्का बाईंच्या खाटेजवळ चटईवर बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक उघडं. माझी चाहूल लागली तसं त्यांनी ते मिटलं आणि चहा ठेवायला उठल्या. त्या खाटेवर अजून कुणी बसत नाही. मीही बसले नाही.