तांबोळी मॅडम आणि बांधणी कापलेलं पुस्तक

बातमी फोननेच वाचून दाखवली. मला दिसत नाही. आलेला प्रत्येक निरोप फोनमधलं यंत्र एकाच सपाट आवाजात वाचतं. त्या सकाळी आधी बँकेचा निरोप वाचला, मग गॅस सिलिंडरचा, आणि त्याच सुरात, "अम्मी पहाटे गेली. दुपारी दफन आहे. समीना." समीना म्हणजे तांबोळी मॅडमची मुलगी. मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. एवढं वाक्य तरी यंत्राने जरा थांबून वाचावं, असं वाटलं... आणि आठवलं, ते ऐकायला मला तांबोळी मॅडमनीच शिकवलं होतं.

नसीम तांबोळी आमच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपाल. मी वर्ध्याहून शिकायला आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहायचे. खोलीतली मैत्रीण मला पुस्तकं वाचून दाखवायची. तिला हडपसरला नोकरी लागली, ती तिकडे राहायला गेली आणि माझा अभ्यास थांबला. आठवडाभर वाट पाहून मी ग्रंथालयाचं कार्ड परत करायला गेले. गावी जाते म्हणाले.

"का? पुण्याचं पाणी बाधलं?" मॅडमनी विचारलं.

"वाचून दाखवणारं कुणी नाही."

मग त्या म्हणाल्या, "कार्ड जेवणाच्या सुट्टीनंतर परत घेते. तोवर बसा."

बसवलं ते संगणकासमोर. कानांवर हेडफोन चढवले, माझी बोटं एकेका कळीवर नेली, आणि यंत्र न्यायालयाचं एक निकालपत्र वाचू लागलं. पहिल्यांदाच मी कुणालाही न विचारता मागचं वाक्य पुन्हा ऐकलं. सुट्टी संपली. त्यांनी कार्ड मागितलं नाही, मीही दिलं नाही.

पण निकालपत्रं संगणकावर होती, पाठ्यपुस्तकं मात्र कागदावरच. जाड पुस्तक स्कॅन करताना शिवणीजवळचे शब्द वाकून नाहीसे व्हायचे. कॉलेजच्या फाटकाशी पुस्तकांचं दुकान असलेल्या वैद्यकाकांनी मॅडमच्या सांगण्यावरून प्रकाशकाकडे संगणकावरची प्रत मागून पाहिली. चोरी होईल म्हणून त्याने नकार दिला. तेव्हा मॅडमनी पुरावा कायद्याचं नवंकोरं पुस्तक स्वतःसाठी म्हणून विकत घेतलं आणि बांधणी कापून पानं सपाट स्कॅन करता यावीत म्हणून आम्ही बाइंडरकडे गेलो. पानाचा कोपरा दुमडला तरी मुलांना फैलावर घेणारी ही बाई. वैद्यकाका मागोमाग आले.

"अहो मॅडम, कोरं पुस्तक आहे. कापायचं तर जुनं कापा."

"जुन्यात दुरुस्त्या नाहीत. हिने काय रद्द झालेली कलमं पाठ करायची?"

कटरचं पातं खाली आलं, कागदाचा दबका करकर आवाज झाला. मग मॅडमनी माझा हात सुट्या पानांवर ठेवला. "घे, आता वाचता येईल." त्यांचा हात गार पडला होता.

मी पास झाले, सनद मिळाली, वकिली सुरू केली. मॅडम निवृत्त झाल्या. त्यांची एकच इच्छा होती. म्हणायच्या, "आयुष्यभर वकिलांना पुस्तकं दिली, पण युक्तिवाद कधी ऐकला नाही. तुझा ऐकायचाय." सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या एका विधवेची बाजू मी मांडत होते. त्या तारखेला मॅडम डबा घेऊन आल्या. समोरचे वकील आजारी पडले, पुढची तारीख मिळाली. पुढच्या वेळी न्यायाधीश रजेवर. मला ओशाळल्यासारखं झालं. "मला कुठे घाई आहे? मी रिकामटेकडीच," त्या म्हणाल्या.

घाई होती, पण ते आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. प्रकरण अखेर सुनावणीला निघालं, त्याच सकाळी समीनाचा फोन आला, अम्मीला दवाखान्यात ठेवलंय. मी उभी राहिले, बोलले, चांगलं बोलले असं सगळे म्हणाले. मला मात्र मागच्या बाकावरून मॅडमचं ओळखीचं खाकरणं ऐकू आलं नाही. तिथून रिक्षा करून थेट दवाखान्यात गेले. मॅडम औषधांच्या गुंगीत होत्या. समीना म्हणाली, "तुम्ही सांगा, कदाचित ऐकू जात असेल." मी खाटेशेजारी बसले आणि सगळा युक्तिवाद पहिल्यापासून केला. हळू आवाजात, त्यांच्या कानाशी... त्यांच्यापर्यंत किती पोहोचलं, कोण जाणे. पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. तो ऐकायला त्या नव्हत्या.

गेल्या रविवारी एका कामासाठी पुरावा कायद्याच्या त्या कापलेल्या पुस्तकाची संगणकावरची फाइल उघडली. स्कॅनमध्ये न उमटलेले परिच्छेद मॅडमनी स्वतः टाइप केले होते, आणि मधेमधे त्यांची शेरेबाजी. यंत्र तीही कलमांच्याच सुरात वाचतं. "पुढचा भाग रटाळ आहे, पण परीक्षेत हमखास येतो." "हे वाक्य मलाही कळलं नाही, पुढे चल." आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, न चुकता, "झालं. ऊठ, पाणी पी."

मी उठते, पाणी पिते, आणि पुढचं प्रकरण लावते.