परक्या देवांचं चित्र
फरशीला लावायच्या मेणाचा वास आला की मला व्हर्जिनियातलं ते छोटं म्युझियम आठवतं. २००४ साल असेल. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अ‍ॅशबर्नला राहत होतो. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून मी तिथे हौसेने, बिनपगारी गाइड झाले होते. त्या दिवशी मी पाहुण्यांना घेऊन एका जुन्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रापुढे उभी होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, काळंपांढरं. वेश पालटून आलेल्या दोन ग्रीक देवांना गावातल्या कुणीच दारात उभं केलेलं नाही, आणि एक गरीब म्हातारी त्यांच्या जेवणासाठी घरचा एकुलता एक हंस पकडायला धावतेय. मी बोलायला सुरुवात केली तोच एक उंच, गोरे गृहस्थ म्हणाले, "दुसरं कोणी नाही का? आमच्याकडच्या या गोष्टी माहीत असलेलं?" माझे कान तापले. "आहेत ना दुसऱ्या गाइड, पण त्या गुरुवारी येतात," मी म्हटलं. "आज मीच आहे." "पण हे काही तुमचे देव नाहीत." "तुमचेही नाहीत. यांची पूजा आता कोणीच करत नाही. गोष्ट मात्र मला येते." ते तरातरा निघून गेले. त्यांची बायको तिथेच थांबली आणि हळूच म्हणाली, "मग हंसाचं काय झालं?" "तो देवांच्या पायाशी जाऊन लपला, आणि त्यांनी त्याला मारू दिलं नाही," मी सांगितलं, आणि एकही चित्र न गाळता टूर पूर्ण केली. आज कोणी ‘दुसरं कोणी नाही का’ असं विचारलं तर उत्तर तेच देईन, फक्त तेव्हासारखा माझा आवाज कापणार नाही.