आपल्याच भोपळ्यावर बोली

सुगीच्या सणाला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की आमच्या चर्चच्या आवारात अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. यंदाची रक्कम धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्याच, शाळेला जाणार होती, कारण एका शिक्षिकेचा पगार जमला नाही तर सातवीचा वर्ग बंद होणार होता. बोली मी पुकारत होतो.

एक भोपळा तीस रुपयांवर अडला. "शाळा आपली आहे, हात मोकळा सोडा," मी सुनावलं. मोटारीतून आलेली मंडळी मोबाईल बघत राहिली.

मागून एक अनोळखी म्हातारी पुढे आली. कमरेची चंची सोडून तिने चुरगळलेल्या नोटा तळहातावर एकेक सरळ केल्या.

"दोनशे."

"आजी, मघाशी हा भोपळा तुम्हीच आणून ठेवलात ना?"

"व्हय. नात हितं सहावीत हाय, जूनमधी सातवीत जाईल. तुमची पोरं कितवीत हायेत, भाऊ?"

माझी दोन्ही मुलं नगरच्या इंग्रजी शाळेत. वर्षाची फी एक लाख चाळीस हजार. मी "दोनशे एक वार, दोन वार, तीन वार," पुकारून मोकळा झालो. सगळ्यांनी टाळ्या मात्र जोरात वाजवल्या.

जूनमध्ये सातवीचा वर्ग बंद झाला. तिची नात आता कुठे जाते, हे आमच्यापैकी कोणीही विचारलेलं नाही.