आरशामागचा स्टिकर

मुंबई नाक्याजवळचा आमचा इलेक्ट्रिशियन गाडीत डोकावण्याआधी चष्मा पुसतो आणि निदान मात्र चष्मा पुसतानाच सांगून मोकळा होतो. रात्री मागून प्रखर दिवे आले की आपोआप काळवंडणारा आरसा माझ्या जुन्या गाडीला आहे. दसऱ्यापासून तो भरदुपारीही काळाच राहू लागला. पिंपळगावहून येताना मागचा टेम्पो मला दिसलाच नाही, थोडक्यात वाचलो.

"साहेब, इंपोर्टेड मालाला आपलं ऊन नाय सोसत," हे त्यानं मला तीनदा ऐकवलं. चौथ्या खेपेला मीच आरशामागे पाहिलं. उजेड ओळखणाऱ्या काचेवरच स्टिकर होता: वर बारीकसा गणपती, खाली ठळक अक्षरांत याच्या गॅरेजचं नाव. दसऱ्याच्या पूजेत यानंच स्वहस्ते चिकटवलेला! आरशाला दिवसाही रात्रच वाटत होती आणि मागचं ऊन म्हणजे दिव्यांचा झोत.

"यापायी मी मेलो असतो!" मी ओरडलो.

"बाप्पानंच वाचवलं ना, साहेब," म्हणत त्यानं स्टिकर नखानं सोलला आणि कपाळाला लावला. आरसा लख्ख झाला. मग तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "बघितलं? शोरूमला नसतं जमलं." आणि खिशातून नवा स्टिकर काढून त्यानं गिऱ्हाइकाच्या आरशामागे हात घातला.