डाव्या बाजूचा आरसा

अपघातात माणूस गेलेलं घर माझ्या ऑफिसात आलं की मी आधी पाणी देते आणि मग विचारते, अर्जदार कोण कोण? म्हणजे गेलेल्या माणसामागे भरपाई मागायला कोण उरलंय. बायको, मुलं, आईवडील. काहींना हा प्रश्न कोरडा वाटतो, काही जण रागावतात. पण दावा तिथूनच सुरू होतो. शिवाय रडणाऱ्या माणसाला नावं सांगायला लावली की त्याचं रडणं जरा थांबतं.

मी सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या कोर्टांत मोटार अपघाताचे दावे चालवते. माझं खरं काम तडजोडीचं. विमा कंपनीच्या माणसासमोर बसायचं, आकडा आधी आपण बोलायचा नाही. तो बोलला की हसायचं नाही, चिडायचंही नाही, फाईल बंद करून पिशवीत घालायला लागायचं. पिशवीची चेन अर्धी लागेपर्यंत आकडा वाढतो. तिसरी गोष्ट मला जमत नाही, चिडायचं नाही ही. एकदा मी फाईल एका अधिकाऱ्याच्या टेबलावर अशी आपटली की त्याचा चहा त्याच्याच शर्टावर गेला. बार रूममध्ये अजून तो किस्सा सांगतात. मला त्या शर्टाचं वाईट वाटलं, बाकी कशाचं नाही.

ही घासाघीस मी घरातून शिकले नाही, घरामुळे शिकले. कुंडलला आमची उसाची जमीन आहे. आमची म्हणजे भावाची. मला सनद मिळाली त्याच सुमारास भाऊ मला पलूसला रजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेला, हक्कसोडपत्रावर सही करायला. आमच्याकडे बहिणी सही करतात, साडी घेतात आणि माहेर शाबूत राहतं. नवी कोरी वकील मी. कागद शेवटपर्यंत वाचला आणि त्यातला एक शब्दही बदलून मागितला नाही. आई म्हणाली होती, "तुझी खोली हाय तशी ऱ्हाईल गं." पुढच्या दिवाळीला त्या खोलीत खताची पोती होती. मी कॉटवर पोत्यांशेजारी झोपले आणि सकाळी पहिल्या एसटीनं निघून आले. त्यानंतर मी भाव केल्याशिवाय कुणाला काही दिलेलं नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही.

डॉक्टरांची ओळख अशाच एका घासाघिशीवरून झाली. ते मिरजेच्या एका दवाखान्यात हाडांचे डॉक्टर. माझ्या एका अशिलाच्या पायाच्या अपंगत्वाचा दाखला त्यांनी दिला होता आणि साक्षीला ते सांगलीच्या कोर्टात आले होते. व्हरांड्यात गाठून मी म्हटलं, टक्केवारी जरा कमी लिहिलीत, माणूस गरीब आहे, थोडी वाढवून द्या. ते म्हणाले, "वकीलबाई, पाय जेवढा गेलाय तेवढाच गेलाय." मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक टक्काही हलले नाहीत. मला असा माणूस तोवर भेटला नव्हता. मग पुढे चहा झाले, मिरजेच्या फेऱ्या झाल्या. त्यांची पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी आजारात गेली, मूल नाही. माझंही लग्न राहून गेलेलं. घरच्यांनी स्थळं बघायची म्हणजे भावाने, आणि भावाला घाई नव्हती.

एका थंडीत त्यांनी सरळ विचारलं, आपण लग्न करूया का. मी म्हटलं, एवढी लोकअदालत होऊ दे. लोकअदालतीत माझी चाळीसेक प्रकरणं तडजोडीला असतात, आधीचा पंधरवडा मी माणसात नसते. ती झाली. मग पुढची आली. डॉक्टरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ते गप्प होते आणि त्या गप्पपणाची मला पक्की ओळख होती. फाईल पिशवीत घालण्याचा तो माझाच डाव होता. आधी मी बोलावं म्हणून ते थांबलेत, अशी माझी खात्री झाली. मग मीही बोलले नाही. दोन वर्षं आम्ही चहा पीत राहिलो.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामातली गोष्ट. लोकअदालत तोंडावर होती. दुपारी साताऱ्यातलं काम आटोपून मी सांगलीला निघाले. तिथे संध्याकाळी अशिलं बसून होती. झोप अपुरी होती, पण ती माझी नेहमीच असते. तासवडेच्या टोलनाक्यावर गाडी थांबल्याचं मला आठवतं. समोरच्या ट्रकवर मागे लिंबू-मिरची लोंबत होती, तेही आठवतं.

त्यानंतर मी आष्ट्यात होते.

मधलं काहीच नाही. कराड नाही, पेठ नाक्याला हायवे सोडून वळावं लागतं ते वळण नाही. त्या वळणावर मी गाडी हळू केली असणार, सिग्नल दिला असणार, कुणाला तरी वाट दिली असणार. एवढा रस्ता मी गाडी चालवली होती आणि मी तिथे नव्हते. आष्ट्याच्या स्टँडसमोर कुणीतरी पाठीमागून हॉर्न वाजवला म्हणून मला कळलं की मी चालवते आहे.

गाडी कडेला घेतली. डावीकडे बघितलं तर आरसा नव्हता. आरशाच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या आणि दाराच्या फटीत उसाचं एक पान अडकलं होतं, हिरवं, ताजं.

मी खाली उतरले नाही. मला माहीत होतं की उतरून बोनेट बघायला पाहिजे, चाकं बघायला पाहिजेत. असल्या गाड्यांचे फोटो मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. कुठला पोचा कशाने पडतो, काचेला केस कुठे चिकटतात, मला सांगावं लागत नाही. पिंजऱ्यात उभ्या केलेल्या किती ड्रायव्हरांना मी विचारलंय, तुम्ही थांबला का नाहीत? आणि त्यातले कितीतरी म्हणाले होते, बाई, मला कळलंच नाही. मी त्यांच्यावर ओरडले होते. हे असं कसं कळत नाही?

डॉक्टरांना फोन लावला. बोलता येईना. ते म्हणाले, "कुठे आहात तेवढं सांगा." मी सांगितलं, आणि म्हटलं, त्या रस्त्यावरून कुणाला दवाखान्यात आणलंय का, इस्लामपूर, सांगली, मिरज, सगळीकडे विचारा. मी कुणाला तरी मारलं असेल. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "किल्ली काढा, हातात धरून बसा. मी निघालो."

ते येईपर्यंत मी गाडीत बसून होते. समोर उसाचा रस पिणारी माणसं हसत होती. डोकं एकदा कामाला लागलं की माझं थांबत नाही. मनात आलं, पान उसाचं म्हणजे घासली ती ट्रॉली असेल, पण तिच्याऐवजी मी एखाद्या ट्रकखाली गेले असते तर? सवयीनं प्रश्न आलाच, अर्जदार कोण? नवरा नाही, मूल नाही. आई. आई एकटी कोर्टाची पायरी चढू शकत नाही. तिला हाताला धरून आणणार भाऊ. त्यालाच कुणीतरी पाणी देणार, आणि तो डोळे पुसून माझं वय, माझी कमाई सांगणार. पोत्यांसाठी माझी खोली घेतलेला माणूस माझ्या मरणाचा भाव करायला बसणार, आणि त्याला तो नीट करताही येणार नाही. पहिल्याच आकड्याला हो म्हणेल. मला त्याचा इतका राग आला की क्षणभर भीती विसरले. मग भीती परत आली, दुप्पट. माझ्याबद्दल बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. एवढी वर्षं राबून मी हीच एक सोय केली होती.

डॉक्टर आले. आधी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चाकं बघितली, पुढचा बंपर हातानं चाचपला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, काही नाही. तिन्ही ठिकाणी विचारलं होतं, त्या रस्त्यावरून कुणी आलेलं नव्हतं. "अजून तरी," असं मी म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नाही आणि त्या वेळी ती त्यांना असती तर बरं, असं मला वाटलं.

त्यांच्या गाडीत मी डावीकडे बसले आणि आम्ही उलटं इस्लामपूरच्या दिशेनं निघालो. हळू. मी पुढे वाकून डॉक्टरांच्या बाजूच्या काचेतून रस्त्याची पलीकडची कड बघत होते. प्रत्येक काळं पोतं, पाचटाचा प्रत्येक ढीग माणसासारखा दिसत होता. एका ठिकाणी चप्पल पडली होती. मी ओरडले. डॉक्टर थांबले, उतरले, गवतात बघून आले. उन्हानं विटलेली जुनी चप्पल होती. पुढे पुन्हा तसंच, एक ओढणी. ती झुडपाला कधीची अडकलेली.

मग उसानं भरलेला ट्रॅक्टर दिसला. मागच्या ट्रॉलीचं चाक काढलेलं, खाली जॅक. रस्त्यावर आरशाच्या काचा चमकत होत्या. ट्रॅक्टरवाला पन्नाशीचा, मिशाळ, हातात पाना. त्याच्यापलीकडे बांधावर ऊसतोड टोळीतली एक बाई बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. ती हलत नव्हती.

मी दार उघडून धावले. ती बाई माझ्याकडे बघून उठली आणि मागे सरली. म्हणजे ती उठू शकत होती. मला रस्त्यातच बसावंसं वाटलं.

ट्रॅक्टरवाल्यानं मला ओळखलं. "तुमीच व्हय त्या," तो म्हणाला. "आवं, लय हाका मारल्या. ही मागं दोर आवळत हुती. म्या हिचा हात धरून वडली म्हणून बरं. न्हाईतर झालं हुतं सगळं."

मी विचारलं, मी झोपले होते का?

"कुठलं? डोळं टक्क उघडं हुतं की. सरळ माज्याकडं बघत गेलासा तुमी."

मला अजूनही रात्री जाग आणतं ते हे वाक्य. झोपले असते तर बरं. झोपेला निदान कारण असतं.

आणि मग मी जे केलं ते माझ्यासारखीच करू शकते. मी म्हणाले, ट्रॉलीला मागे लाल कापड कुठंय? रिफ्लेक्टर नाही, निम्मा रस्ता अडवलाय, चूक काही एकट्या माझी नाही. चूक दोघांत वाटून घ्यायची, माझी बाजू निम्म्यावर आणायची. सवय तोंडातून आपोआप बाहेर पडली.

ट्रॅक्टरवाल्यानं पाना खाली ठेवला. "बाई, तुमी वकील हाय का काय?"

बांधावरची बाई फिसकन हसली. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. मला रडू फुटलं. मी हात जोडले, त्या बाईला आणि त्यालाही. तो ओशाळला. लाल कापड हुतं, वाऱ्यानं गेलं कुठं तरी, असं पुटपुटला. मग परत पाना उचलून म्हणाला, "जावा आता. पुढच्या टायमाला हॉर्न तरी वाजवा, म्हंजी आमास्नी कळंल तुमी जाग्या हाय."

आम्ही परत फिरलो. आष्टा जवळ आलं तशी मी म्हटलं, माझी गाडी मी नेते सांगलीला, अशिलं बसलीत. डॉक्टर म्हणाले, नाही. मी म्हटलं, हळू नेते. नाही. बरं, सांगलीपर्यंतच, मग मिरजेला तुम्ही सोडा. नाही. किल्ली त्यांनी आष्ट्यातच घेऊन खिशात टाकली होती. मी आवाज चढवला. ते म्हणाले, "हवं तेवढं ओरडा. किल्ली मिळणार नाही."

आकडा आधी बोलायचा नाही, हा नियम मी त्या दिवशी मोडला. मी विचारलं, दोन वर्षं तुम्ही गप्प का होता? मी आधी बोलावं म्हणून?

ते खरंच गोंधळले. म्हणाले, "तुम्ही लोकअदालत म्हणालात. मला वाटलं, नाही म्हणायची तुमची पद्धत असेल. पुन्हा विचारणं म्हणजे घासाघीस झाली असती."

मी दोन वर्षं ज्या डावाला तोंड देत होते तो डाव समोरच्यानं टाकलाच नव्हता. मी म्हटलं, मी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, मग काय म्हटलं होतं? मी म्हटलं, हो. तेव्हा म्हणायचं राहिलं, आता म्हणते.

त्यांनी आष्ट्याच्या स्टँडवर गाडी वळवून माझ्या गाडीच्या मागे उभी केली, हँडब्रेक लावला आणि मगच म्हणाले, ठीक आहे.

साताऱ्याची फाईल मी आता नवीन घेत नाही. जुन्या फाईली एका ओळखीच्या वकीलबाईंकडे दिल्या, आणि हो, प्रत्येक फाईलवर भांडून दिल्या. आमच्या लग्नाला आई आली, भाऊही आला. साडी घेऊन आला. ती मी घेतली. खोलीचं मी विसरलेले नाही आणि तसं त्याला तोंडावर सांगितलंही.

भीती मात्र गेलेली नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, थकवा म्हणाले, झोप म्हणाले, वर्षभर गाडी नको म्हणाले. मी डावीकडे बसते. पुढे उसाची ट्रॉली दिसली की माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतो. कधी कधी रस्ता सरळ असतो, गाडीत शांतता असते, आणि मला एकदम कळेनासं होतं की मी इथे आहे की नाही. तेव्हा मी विचारते, डोळे उघडे आहेत का माझे?

ते वळून बघतात. म्हणतात, "आहेत. पण त्यावर माझा विश्वास नाही. बोलत राहा."