गाल फुगवा

खुर्चीत बसले की काका आधी आरशात बघून स्वतःलाच डोळा मारायचे. मग मला बजावायचे, "भाऊ, तोंड सांभाळून हं. पोट त्याच्यावर चालतं."

तुम्ही त्यांना टीव्हीवर नक्की पाहिलंय. बावळट हवालदार, लग्नात रुसलेला मामा. नाव आठवणार नाही, तोंड आठवेल. मालिका लिहायचेही तेच. शांतता हवी म्हणून रेवदंड्यात घर घेतलं आणि बसायचे कुठे, तर माझ्या सलूनमध्ये, जिथे दिवसभर बडबड. लिहिलेला प्रसंग आमच्यावर करून बघायचे. कोणी हसलं नाही तर म्हणायचे, "आधी दाढी होऊ दे तुमची, मग परत सांगतो."

एका सकाळी आले ते तोंड वाकडं करूनच. दुकानात हशा पिकला. बंदरावरून आलेला एक जण म्हणाला, "काका, बास आता, पोट दुखतंय माझं." मीही हसत हसत फेस लावला आणि रोजच्यासारखं म्हटलं, "गाल फुगवा."

उजवा फुगला. डावा तसाच लोंबत राहिला आणि ओठाच्या कोपऱ्यातून हवा फुस्स निघून गेली. डावा डोळाही मिटत नव्हता.

"हे सोंग नाही," मी म्हटलं आणि फेस पुसून काढला.

"उठलो तेव्हापासून असंच आहे," काका अडखळत म्हणाले. "तुम्ही हसलात ना, तेव्हा मलाही घटकाभर सोंगच वाटलं."

रिक्षात घालून अलिबागला नेलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, बहुतेक बरी होईल. त्या 'बहुतेक'नं येताना सगळा रस्ता खाल्ला. हसवणाऱ्याचं अर्धं तोंड गेलं, तर उरलेल्या अर्ध्याला काम कोण देणार?

मालिकेतली त्यांची भूमिका दुसऱ्याला द्यायचं चाललं होतं. पण लिहिणारे तेच ना! त्यांनी आपल्या पात्राची दाढ दुखवली, गालाला फडकं बांधलं आणि डावी बाजू त्यात लपवली. लोकांना ते फडकं भलतंच आवडलं.

इकडे दाढी असो नसो, काका रोज माझ्या खुर्चीत. गाल फुगवा. फुस्स. गाल फुगवा. फुस्स. मी चिडायचो, "दमच नाही तुमच्यात." घरी मात्र मला जेवण जायचं नाही.

मग एकदा हवा राहिली. मी टिचकी मारून बघितली, तरी राहिली. काका तसेच टम्म गालाने डोळे मिटून बसले. दोन्ही डोळे मिटले होते. मला रडू आलं, त्यात लाज कसली.

आणि आठवड्याभरात हे महाशय तोंड पाडून परत हजर.

"भाऊ, मालिकावाले फडक्याखालचं तोंड दाखवा म्हणतात. लोकांना दाढदुखीनं वाकडं झालेलंच बघायचंय."

"मग दाखवा की."

"जमत नाही हो आता! तुम्ही रोज बघत होतात. कसं होतं, जरा करून दाखवा."

मग काय, मी आरशासमोर उभा राहिलो आणि त्यांचंच तोंड त्यांना शिकवलं.

आता काम वाढलंय, ते मुंबईतच असतात. दुकानातल्या टीव्हीवर त्यांची मालिका लागली की मी वस्तरा थांबवतो. काका फडकं सोडतात, तोंड वाकडं करतात, दुकान हसतं. मी हसत नाही, वाट बघतो. मग तोंड सरळ होतं आणि काका समोर बघून डोळा मारतात. डावा. मग कुठे मी गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावतो.